सुपातल्या वाती

झड उघडली की घरापुढच्या सपरीत जो उजेड येतो, त्याला ऊन म्हणावं की पाण्यातून गाळून आलेलं काही म्हणावं, ते सांगता येत नाही. श्रावण लागल्यापासून कौशल्या रोज दुपारी त्या उजेडात मांडी घालून बसत होती. पुढ्यात पिंजलेला कापूस, एका वाटीत घोटभर दूध, दुसरीत पातळ केलेलं तूप, आणि डाव्या हाताला सूप. कापसाची चिमूट घ्यायची, दुधाचं बोट लावायचं, तळहातावर वळसा द्यायचा, वर शेंडी काढायची, शेंडी तुपात बुडवायची आणि फुलवात सुपात ठेवून द्यायची. लाख वातींचा नेम होता. कार्तिकात कौंडण्यपूरला नदीकाठी त्या लावायच्या होत्या.

नेम नुसता वातींचा नव्हता. सकाळी आंघोळ करून पूजा, दुपारी एकदाच जेवण, आणि पानावरून उठलं की तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत मौन. घरानं ते कधीच अंगवळणी पाडून घेतलं होतं. तिचे मालक जानराव पारावर सांगत, चातुर्मास बायको करते, पण सुट्टी नवऱ्याले भेटते. मुलगा गोपाल अकोटला जिनिंगवर कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. घरात मग सून रागिणी, हे दोघं, आणि रागिणीच्या कोंबड्या.

एक गोष्ट कौशल्यानं कोणालाच सांगितली नव्हती. तिच्या सुपातल्या वाती कमी होत.

दुपारी एकभुक्त जेवण पोटात, अंग हलकं, बोटं आपली आपण चालायची. बोटांना डोळे लागत नाहीत म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. ओठांत नाव, हातात कापूस. मग कधीतरी झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत तिला आवाज यायचा. टिकटिक, टिकटिक. सुपाच्या काठावर कोणीतरी लहानसं पाऊल टेकवावं तसा. आणि मिटल्या डोळ्यांपुढे एक पोर यायची. लाल परकर, पायात तोरड्या, ओले केस. ती वाकायची, एक वात उचलायची, परकराच्या ओच्यात टाकायची आणि दुसरी उचलायची. कौशल्यानं डोळे उघडले की सपरीत कोणी नसे. सुपाचा एक कोपरा मात्र विरळ झालेला असे.

आधी तिला वाटलं, वारा असेल. मग वाटलं, आपलंच ध्यान नसेल. मग एके दिवशी तिच्या मनात आलं, ही रुक्मिणी तर नसेल? कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. कौशल्याचं माहेरही त्याच नदीच्या पल्याडचं. माहेरच्या पोरीला कार्तिकापर्यंत कसा दम निघावा? तेव्हापासून टिकटिक आली की ती डोळे उघडत नसे. पाहिलं तर येणार नाही, अशी तिला भीती वाटे. तेवढ्या वाती ती संध्याकाळी गुपचूप जास्तीच्या वळून ठेवायची.

कोंबड्या घरात आल्या त्या भागीरथाबाईच्या हातून. भागीरथाबाईचं घर मागच्या गल्लीतलं, बुद्धविहाराच्या बाजूला. तिनं खुडुक बसलेली कोंबडी आणि तिच्याखाली घालायला अंडी रागिणीला दिली होती. कौशल्याच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडं कधी आलं नव्हतं. ती सुनेला काही बोलली नाही, आवाज चढवणं तिला येतच नव्हतं. तिनं फक्त तुळशीभोवती बाभळीच्या काट्याची फांदी आणून लावली. रागिणी समजली. तिनं खुराडं पार बैलांच्या कोठ्याच्या मागं नेलं. भागीरथाबाईही समजली असावी, कारण त्यानंतर ती पुढच्या दारानं कधी आली नाही.

त्या अंड्यांतलं एक सगळ्यात शेवटी फुटलं होतं. तोवर कोंबडी बाकीची पिलं घेऊन उठून गेली होती. रागिणीनं ते ओलं पिलू टोपल्यात ठेवलं, वर बल्ब लावला, आणि लाइन गेली की पदरात घेऊन बसली. बल्बाखाली वाढलं म्हणून त्याचं नाव बिजली. आता ती चांगली तपकिरी तलंग झाली होती, मानेवर सोन्याची छटा, अजून अंड्यावर आली नव्हती. इतर कोंबड्या उकिरड्यावर, ही रागिणीच्या पायात. रागिणी शेतात गेली की सपरीपर्यंत येऊन तिला शोधत फिरायची.

त्या दिवशी सकाळी रागिणीनं खुराडं उघडलं तेव्हा सगळ्या बाहेर आल्या, बिजली आली नाही. कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळ्यावर कातडं ओढून बसली होती. रागिणीनं तिला उचलून अंगणात ठेवलं, ती ठेवली तिथंच राहिली. ज्वारी टाकली, पाहिलीसुद्धा नाही.

जानरावनं दातून करता करता दुरूनच सांगून टाकलं की ही मानमोडी आहे. शेजारच्या गावात मागच्या महिन्यात कोंबड्यांची खुराडी रिकामी झाली होती. रागिणी म्हणाली, बाकीच्या चांगल्या आहेत, मामाजी.

"आज चांगल्या हायेत. उद्या माना पाठीवर जातीन, मंग कोण घेईन त्याइले?"

आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कोंबड्यावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या दुपारी येतो, सगळ्या काढून ठेवा. जानराव वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त वाट पाहणं जमत नसे.

रागिणी मागच्या दारानं धावत गेली आणि भागीरथाबाईला घेऊन आली. भागीरथाबाई कोठ्याच्या सावलीत खाली बसली, बिजलीला मांडीवर घेतलं. वातानं तिची बोटं वाकडी झाली होती, पण ती पाखराला धरत होती ते असं, की पाखराला धरल्याचं कळू नये. तिनं तुरा पाहिला, पापणी वर केली, पंख उचलून बगलेत हात घातला, चोच उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. खाली पडलेली शीट काडीनं परतून पाहिली. कौशल्या सपरीच्या खांबाला धरून उभी होती. आंघोळ झालेली होती, पुढं येता येत नव्हतं.

"मानमोडी असती त मान मांगं फिरली असती, तोंड वासून घरघर केली असती," भागीरथाबाई म्हणाली. "हिची मान सरळ हाय. आंबूस वास येऊन राह्यला. दे बोट इकडं, रागिणी. अठी."

तिनं रागिणीचं बोट बिजलीच्या गळ्याखाली, छातीच्या वर टेकवलं. तिथं लिंबाएवढी गाठ होती.

"कालपासून हिनं काही खाल्लं?"

"नाई."

"मंग हे गाठोडं कायचं?"

मग तिनं समजावून सांगितलं. पाखरू दिवसभर टिपतं ते आधी गळ्याखालच्या थैलीत साठतं, रात्रीतून खाली उतरतं, सकाळी थैली रिकामी. हिची उतरली नाही. आत काहीतरी अडकून बसलं आहे. दाणा बंद करायचा, हिला वेगळं ठेवायचं, कोमट पाण्याचे घोट द्यायचे. गोडंतेल दोन-चार थेंब चोचीच्या कडेनं सोडायचं आणि थैली हलक्या हातानं चोळत राहायची. उलटी मात्र टांगायची नाही, पाणी श्वासात जातं आणि पाखरू हातात मरतं. उद्या सकाळी उठल्या उठल्या हात लावून पाहायचं. रिकामी असली तर वाचली. तशीच असली तर डॉक्टरशिवाय इलाज नाही.

जानराव म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काय ते पाहून घ्या, आणि छत्री घेऊन पारावर गेले.

अडचण हाताची होती. भागीरथाबाईची बोटं चोळण्याजोगी उरली नव्हती. रागिणीनं निंदणाच्या बाया सांगून ठेवल्या होत्या, आणि घरचं माणूस वावरात नसलं की बाया धुऱ्यावर बसून राहतात. भागीरथाबाईनं सपरीकडे पाहिलं. तरुणपणी या दोघींनी पऱ्हाटीच्या एकाच ओळीत कापूस वेचला होता. कौशल्याची ओटी नेहमी आधी भरायची, आणि तिच्या कापसात कधी काडीकचरा निघायचा नाही.

"हात त हिचे पायजेत," ती म्हणाली. मग कौशल्याच्या माळेकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाली, "राहू द्या बाई, तुमचा नेम हाय. मले मालूम हाय."

कौशल्यानं मान खाली घातली. तिला लाज वाटली, आणि लाज कशाची ते नीट कळलं नाही.

रागिणीनं बिजलीला सपरीच्या टोकाला डालग्याखाली झाकलं आणि सासूला सांगून गेली, आत्याबाई, हात नका लावू, नुसतं ध्यान ठेवजा.

दुपारी कौशल्या वाती वळायला बसली. डालग्यातून बिजलीचा आवाज येत नव्हता. कधी पिसं डालग्याच्या काड्यांवर घासली जायची तेवढंच. कौशल्यानं डोळे मिटले. बोटं चालली, नाव चाललं, लिंबावरून पाण्याचे थेंब पडत राहिले. ती त्या मधल्या जागेत पोचली, पण तिथं आज कोणीच नव्हतं. लाल परकर नाही, टिकटिक नाही. नुसती रिकामी सपरी आणि दूर कुठं तरी पाणी वाहत असल्यासारखं. तिनं वाट पाहिली. शेवटी डोळे उघडले तेव्हा सूप काठोकाठ भरलेलं होतं, एक वात हललेली नव्हती.

भरलेलं सूप पाहून तिला रडू आलं. सपरीत आजारी कोंबडी ठेवली, विटाळ झाला, म्हणून माहेरवाशीण दारातून परत गेली, असं तिला वाटलं. डालग्याकडे तिनं रागानं पाहिलं. आयुष्यात कोणाकडे तिनं तसं पाहिलं नव्हतं.

दिवा लागल्यावर रागिणी आली. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, केसांत गवताची बी. हातपाय न धुता ती डालग्यापाशी बसली आणि बिजलीला घेऊन तेल चोळू लागली. पण दिवसभर निंदून तिची बोटं चिरली होती, सुजली होती. बिजली दर वेळी मान आखडून घेत होती. रागिणी म्हणत होती, थांब न वं, थांब न माय, आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होती.

कौशल्यानं थोडा वेळ पाहिलं. मग पदर खोचला, सुनेपुढे येऊन बसली आणि ओंजळ पुढं केली.

"दे."

बिजली तिच्या मांडीवर आली. साऱ्या जन्मात कौशल्यानं कोंबडी हातात घेतली नव्हती. तिला वाटलं होतं की काहीतरी थंड आणि किळसवाणं लागेल. पण ते ऊन होतं, ज्वर आलेल्या लेकराच्या कपाळासारखं, आणि आत इतक्या जोरात धडधडत होतं की तिचा हात हलत होता. तिनं तेलाचं बोट पिसांखाली सारलं. बिजलीनं मान आखडली नाही. ती चोळत राहिली. रागिणी बाजूला भिंतीला टेकून तशीच झोपून गेली. मग कौशल्या उठली आणि विहिरीचं खारं पाणी डोक्यावरून घेतलं. ओल्या अंगानं घरात आली तेव्हा जानराव जागेच होते.

पहाटे सगळ्यांच्या आधी ती उठली. आंघोळीच्या आधी हात लावला तर नेमाला बाध नाही, असा हिशेब तिनं मनाशी केला होता. अंगणात धुकं उतरलं होतं, कोठा दिसत नव्हता, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं धुक्यात वाजत होतं. तिनं डालगं उचललं. बिजली जिवंत होती. तिनं डोळे मिटून बोटं थैलीवर ठेवली.

तशीच होती.

पण कालच्या चोळण्यानं गाठ थोडी मऊ झाली होती आणि आतलं बोटांना कळू लागलं होतं. दाणे नव्हते. दाणे असते तर बोटाखालून सरकले असते. हे दाबलं की दबत होतं आणि सोडलं की हळूच फुलून वर येत होतं. कडेला एक शेंडी लागली. तिनं ती दोन बोटांत धरली, पिसांवरून, कातड्यावरून. शेंडीला पीळ होता. पीळ उजवीकडून डावीकडे होता. कौशल्या डावखुरी, गावात असा उलटा पीळ दुसऱ्या कोणाच्या वातीला नव्हता.

ती तशीच बसून राहिली. टिकटिक, टिकटिक. सुपाच्या काठावर लहान पाऊल. तुपाचा वास. पांढरी, शेंडीची फुलवात, तलंगीला ती अळीसारखी दिसली असेल, नाही तर भिजल्या ज्वारीसारखी. धुक्यात कोणीतरी लाल परकर सावरत उठून चाललं होतं, आणि कौशल्याला हाक मारावीशी वाटली, पण कोणाला मारावी ते कळलं नाही.

तिनं डालगं परत झाकलं. आंघोळ केली, पूजा केली. सांगायचं तिच्या ओठावर येत होतं आणि परत जात होतं. सांगितलं असतं तर श्रावणभर जे उराशी धरलं होतं ते सगळ्यांपुढे अंगणात सांडलं असतं. रागिणी उठली, तिनं थैली पाहिली आणि चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं सासऱ्याला म्हणाली, भातकुलीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊ का. जानराव म्हणाले, मानमोडीवर डॉक्टर काय करीन, बाकीच्या घरी आणून सोडशीन तेवढं. ते टिकास घेऊन उकिरड्यापलीकडे गेले आणि काळ्या ओल्या मातीत खड्डा खणू लागले. टिकासाचा आवाज ओल्या मातीत फारसा होत नव्हता. नुसता धप्प, धप्प.

कौशल्या पानावर बसली, दोन घास खाल्ले आणि उठली. मौन लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मौन आडोशासारखं वाटलं.

ती कापूस घेऊन बसली खरी, पण वात वळेना. दुधाचं बोट कोरडं पडत होतं. मग मोटारसायकल वाजली आणि मागं तारेचा पिंजरा बांधून कोंबड्यावाला आला. हसरा पोरगा होता. बोलता बोलता कोंबड्या पायाला धरून उलट्या उचलत होता आणि पिंजऱ्यात सारत होता. कोंबड्या ओरडत होत्या, रागिणी खुराड्याशी पाठमोरी उभी होती. बिजलीकडे पाहून तो म्हणाला, हिले मी नाई घेत, हिले पुरून टाका.

जानरावनं हात पुढं केला. रागिणीनं बिजलीला छातीशी धरलं होतं. तिनं ती दिली नाही आणि मागंही सरली नाही. नुसती उभी राहिली. जानरावचा हातही तसाच पुढं राहिला, त्यांनाही तो मागं घेता येत नव्हता.

"थांबा."

आवाज सपरीतून आला. जानरावनं वळून पाहिलं. बायको काय म्हणाली ते त्यांना कळलंच नाही, बायको बोलली एवढंच आधी कळलं.

"मानमोडी नाई हाय ते," कौशल्या म्हणाली. "माह्या वाती हायेत तिच्या गळ्यात. रोज माह्या सुपातल्या खात होती, अन मी डोये मिटून बसली होती."

जानरावनं पुढं केलेला हात खाली घेतला. मग जानराव हळूच म्हणाले, "तुह्यं मौन सुटलं न वं."

"सुटलं."

कोंबड्यावाला हसला. म्हणाला, तुपातल्या वाती खाल्ल्या म्हणता, मंग त ही देवाची कोंबडी झाली, काकू, हिले पुराले हात कोण लावीन, अन चांगल्या कोंबड्या कायले इकता. त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. कोंबड्या एकीवर एक पडत बाहेर आल्या आणि अंगणभर झाल्या.

भातकुलीला जायला ऑटो मिळाला. कौशल्यानं बिजलीला मांडीवर, पदराखाली घेतलं होतं. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, पाहुण्याकडं चालल्या का कोंबडी घेऊन, म्हाताऱ्या जावयाच्या दाताले चावन का. रागिणीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, पऱ्हाटी, मधे पाणी साचलेल्या ठिकाणी बगळे. ढग इतके खाली आले होते की बगळे त्यातूनच गळून पडल्यासारखे दिसत होते. पदराखाली धडधड चालू होती. कौशल्या ती मोजत नव्हती, तिच्यावर नाव घेत होती. एक ठोका, एक नाव. कधी ठोका रेंगाळला की तीही नाव ओठात धरून थांबे, आणि मग पुढं जाई.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी थैली चाचपली, रागिणीचं ऐकलं, मग कौशल्याचं ऐकलं. म्हणाल्या, आणली हे बरं केलं, कापूस चोळून खाली जात नाही, कापूनच काढावा लागतो. जगेल असं सांगत नाही, पण पाखरू दमदार आहे. पंख धरायला कोणी तरी हवं होतं. रागिणीनं मान फिरवली. कौशल्या पुढं झाली.

"डोळे मिटून घ्या वाटलं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाई," कौशल्या म्हणाली.

पिसं उपटली तेव्हा खाली गुलाबी कातडं निघालं, बाळाच्या टाळूसारखं पातळ. सुई टोचली. मग पात्याची एक लहान रेघ. चिमटा आत गेला आणि पहिली वात आली. ओली, पिवळी पडलेली, शेंडी शाबूत. तिच्या मागं दुसरी, गवताच्या काडीत गुंतलेली. मग गुंताच आला. आंबूस वास सगळ्या खोलीत पसरला, आणि त्या वासाच्या तळाशी, अगदी तळाशी, तुपाचा वास होता. कौशल्याचे हात हलले नाहीत. तिच्या हातांत बिजली एकदा थरथरली आणि पुन्हा धडधडू लागली. श्रावणातल्या सगळ्या दुपारी एकामागून एक त्या लोखंडी ताटलीत येऊन पडत होत्या.

आतून धुऊन, आधी थैली आणि मग कातडं शिवून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता काही दिवस दाणा नाही. दही, भिजवून कुस्करलेली भाकर, असं मऊ थोडं थोडं द्या, बाकी कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, नाही तर टाक्यावर चोच मारतील. ताटली रिकामी करायला त्यांनी हात घातला तेव्हा कौशल्यानं एक कागद मागितला. वाती टाकून कशा द्यायच्या.

परत आल्या तेव्हा दिवेलागण टळायला आली होती. बिजली डालग्याखाली मान टाकून पडली होती, पण डोळे उघडे होते. रागिणी तिच्यापाशी बसली. कौशल्या कागद घेऊन उकिरड्यापलीकडे गेली. जानरावनं खणलेला खड्डा तसाच होता, तळाशी पाणी झिरपलं होतं. तिनं वाकून कागदातल्या वाती खड्ड्यात सोडल्या. पाठीमागं पाऊल वाजलं. जानराव फावडं घेऊन आले होते. त्यांनी माती ओढली, टाचेनं दाबली, आणि मग म्हणाले, "दिवा लावाचा राह्यला तुह्यावाला. चाल."

टाके सुकेपर्यंत रागिणी वावरात गेली की बिजलीला कौशल्या पाहायची. पहाटे उठून, आंघोळीच्या आधी, ती पहिला हात थैलीवर ठेवायची. रिकामी असली की मग विहिरीवर जायची. हाही नेमच झाला. भागीरथाबाई एकदा दिवेलागणीनंतर पाहायला आली, ती कोठ्याकडून आली तर कौशल्यानं तिला पुढून बोलावलं, सपरीत बसवलं. तुळशीभोवतीची काट्याची फांदी तोवर सुकली होती, तिनं ती चुलीत घातली होती. भागीरथाबाईनं टाका पाहिला, मान हलवली. मग सुपाकडे पाहून विचारलं, त्या खाल्लेल्या वाती लाखात धरल्या का नाई?

कौशल्यानं थोडा वेळ कापूस बोटांत फिरवला.

"धरल्या," ती म्हणाली.

आता ती सुपावर ओला फडका पसरते, चारी कोपऱ्यांना दगड ठेवते, आणि सुपाच्या शेजारी, पूर्वी जो कोपरा विरळ व्हायचा त्या बाजूला, पितळेच्या वाटीत भिजवलेली ज्वारी ठेवते. मग मांडी घालून बसते. दुधाचं बोट, तळहातावर वळसा, शेंडी. ओठांत नाव. लिंबावरून थेंब पडतात, ऊन गाळून गाळून सपरीत येतं, आणि त्या मधल्या जागेत कधीतरी लहान पावलं येतात. वाटीच्या काठावर आवाज होतो. टिकटिक, टिकटिक.

कोण आलं ते पाहायला ती डोळे उघडत नाही.